स्कूटरची बॅटरी किती थकली, ते वहीत पाहा

इलेक्ट्रिक स्कूटरच्या पडद्यावर १०० टक्के दिसले म्हणजे बॅटरी नवीच राहिली असे नव्हे. ते शंभर टक्के आजच्या क्षमतेचे असतात, गाडी घेतली त्या दिवसाच्या नव्हे. म्हणून एक वही करा. महिन्यातून एकदा ठरलेल्या वाटेवर, पंचवटी ते सातपूर म्हणा, एकट्याने, नेहमीच्याच वेगाने खेपा मारा. चार्ज ८० टक्क्यांवरून ३० वर येईतो किती किलोमीटर झाले ते लिहा. (चाकांतली हवा आधी बघा, नाहीतर आळ बॅटरीवर येतो.) नाशकातली थंडी पडली की आकडा घसरतो, उन्हाळ्यात परत वर येतो. त्यामुळे जानेवारीची तुलना जानेवारीशीच.

सुरुवातीला घट जरा जास्त दिसेल. घाबरू नका, ऋणाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या आतल्या ऋण टोकावर, पातळ थर बसताना थोडे लिथियम त्यात अडकून पडते. नंतर घट संथ होते. या संथ काळातल्या नोंदींची रेघ पुढे ओढा, म्हणजे मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांवर बॅटरी साधारण कधी येईल ते कळते. पण रेघ शेवटपर्यंत सरळ राहत नाही. म्हातारी बॅटरी एकदम उतरणीला लागू शकते. लागोपाठ दोन-तीन महिने नेहमीपेक्षा जास्त घसरण दिसली, आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर वही घेऊन लगेच सर्व्हिस सेंटर गाठा.

आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास असताना पूर्ण चार्ज केलेली गाडी दिवसभर उन्हात उभी केलीत, तर ही सगळी रेघ नव्याने काढावी लागेल.