चहा-कॉफी नेमकी किती गरम द्यावी? कॅफेत होणाऱ्या या चुका टाळा

'कॉफी गार आहे' म्हणून कप परत आला की बहुतेक कॅफेंत एकच उपाय केला जातो: पुढची कॉफी आणखी तापवून द्यायची. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाची जीभ पोळते. पेय बनवण्याचं तापमान वेगळं आणि पिण्याचं वेगळं, हे लक्षात न घेतल्यामुळे हा सगळा घोळ होतो.

फिल्टर कॉफीला 90 ते 96 अंश सेल्सिअसचं पाणी लागतं, काळ्या चहाला जवळजवळ उकळतं. पोळू नये म्हणून बनवतानाच पाणी कमी गरम घेतलं, तर कॉफी आंबट, पाणचट होते आणि चहाचा कस उतरत नाही. निववायचं ते बनवून झाल्यावर. ग्रीन टी मात्र 70 ते 80 अंशांतच करा, नाहीतर कडवट होतो.

गिऱ्हाइकाच्या हातात कप जाताना पेय 60 ते 65 अंशांवर असावं. ही मर्यादा उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली 65 अंशांहून गरम पेयं पिणं 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, आणि त्यातला धोका अन्ननलिकेला आहे. शिवाय सांडलं तर? 60 अंशांचं पाणी साधारण 5 सेकंदांत खोलवर भाजतं, 70 अंशांना एखादा सेकंद पुरतो. कपडा अंगापासून बाजूला करायला मिळणारा वेळ या दहा अंशांवर ठरतो.

दूध जास्त तापवणं

सर्वात जास्त चुका इथेच होतात. दूध फ्रिजमधलं, 4 अंशांच्या आसपासचं घ्या. गार दुधामुळे फेस बनवायला जास्त वेळ मिळतो. दूध वाफवायचा जग निम्म्याहून जास्त भरू नका. कॉफी मशीनच्या वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवलं की कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येतो. तेव्हा हवा आत जात असते. जग हाताला कोमट लागला की हवा घेणं थांबवा, टोक थोडं खोल न्या आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. 60 ते 65 अंशांत थांबायचं. काट्याचा थर्मामीटर काही सेकंद मागे असतो, म्हणून काटा 57 च्या आसपास असतानाच वाफ बंद करा.

70 अंशांच्या पुढे दुधातली प्रथिनं बिघडतात, उकळल्याचा वास येतो, गोडवा हरवतो आणि फेस कोरडा, मोठ्या बुडबुड्यांचा होतो. सोया किंवा ओटचं दूध 55 ते 60 वरच थांबवा. आंबटसर कॉफीत सोयाचं दूध जास्त गरम असेल तर फुटतं. उरलेलं दूध पुन्हा वाफवू नका, फेस नीट धरत नाही.

थर्मामीटर अधूनमधून तपासा. भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात तो ढवळत धरला की काटा 0 वर यायला हवा.

कप गार असणं

'गार कॉफी'च्या तक्रारीचं खरं कारण बरेचदा हेच असतं. जाड चिनी मातीचा थंड कप पेयातले सहज 8-10 अंश शोषून घेतो. गरम पाण्याने कप विसळून, पुसून मग भरा. कप मशीनवर रचून ठेवत असाल, तर तो हातात आरामात धरता येईल इतकाच तापू द्या.

कागदी कपाचं गणित उलटं आहे. तो फारशी उष्णता शोषत नाही आणि झाकणामुळे वाफ कोंडते, त्यामुळे टेकअवेचं पेय जास्त वेळ पोळतं. त्यातलं दूध 60 वरच थांबवा. वर 1 ते दीड सेंटिमीटर जागा ठेवा, झाकण कडेने सगळीकडे दाबून बसवा आणि पिण्याचं छिद्र कपाच्या जोडावर येऊ देऊ नका. तिथूनच गळतं.

फिल्टर कॉफी हॉटप्लेटवर ठेवू नका. अर्ध्या तासात ती कडू, जळकट होते. आधी गरम पाण्याने तापवलेल्या थर्मासमध्ये ओता. थर्मासमधली कॉफी बराच वेळ 65 च्या वर राहते, तेव्हा कपात ओतल्यावर मोजून पाहा.

लहान मुलांसाठीचं दूध किंवा कोको 45 अंशांच्या आसपास द्या. कप मुलाच्या समोर न ठेवता मोठ्या माणसाच्या हातात द्यावा.

सांडलंच, तर भिजलेला कपडा आणि अंगठी-बांगडी लगेच काढा, भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. फोड आले, चेहरा भाजला किंवा लहान मूल भाजलं, तर थेट डॉक्टरांकडे न्या.