सेप्सिस, डिलिरियम आणि ट्रान्सक्रेनियल डॉपलर: या चुका टाळा

सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या) पेशंटला डिलिरियम, म्हणजे अचानक होणारा मानसिक गोंधळ, होईल का, याचा अंदाज मेंदूच्या रक्तप्रवाहावरून येऊ शकतो. तो प्रवाह मोजतो ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीवरून केलेली अल्ट्रासाउंड तपासणी. 2014 च्या एका छोट्या अभ्यासात पहिल्या दिवशी पल्सॅटिलिटी इंडेक्स (दर ठोक्याला रक्ताचा वेग किती वरखाली होतो याचं माप) 1.3 च्या वर असलेल्यांमध्ये डिलिरियम जास्त आढळला. या आकड्याला धोक्याची सूचना समजा. निदान मात्र त्यावर करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) न बघता डॉपलर वाचणं. समजा, रक्ताचा सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावतानाचा) वेग 100, डायस्टोलिक (हृदय सैल होतानाचा) 30 आणि सरासरी 53 आहे. 100 मधून 30 वजा करून 53 ने भागलं की इंडेक्स येतो 1.3. पण हा पेशंट धापा टाकतोय आणि त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड 40 वरून 30 वर आलाय. तेवढ्यानेच मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, डायस्टोलिक वेग घसरतो आणि इंडेक्स चढतो. मंद नाडी किंवा गळकी एऑर्टिक झडप असली तरी तो चढतोच. म्हणून प्रत्येक रीडिंगशेजारी कार्बन डायऑक्साइड, सरासरी रक्तदाब, नॉरअॅड्रेनलिनचा (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा) डोस आणि सिडेशन (गुंगीचं औषध) लिहाच.

प्रोब (डॉपलरचा हातात धरायचा भाग) रक्तप्रवाहाच्या दिशेशी 30 अंशांनी तिरका असला तर वेग सुमारे 13 टक्के कमी दिसतो. इंडेक्स हे गुणोत्तर असल्यामुळे त्याला फारसा धक्का लागत नाही. काहींना, विशेषतः वयस्कर बायकांना, कानशिलाच्या हाडातून सिग्नलच मिळत नाही. तिथे ओढूनताणून आकडा काढू नका. ‘सिग्नल मिळाला नाही’ असं सरळ लिहा.

डॉपलर नीट झाला आणि डिलिरियमच चुकीचा तपासला, तर सगळी मेहनत वाया. रास स्कोअर (पेशंट किती जागा आहे याचं माप) उणे 4 किंवा उणे 5, म्हणजे खोल गुंगी, असेल तर कॅम-आयसीयू (डिलिरियम ओळखायची चाचणी) करताच येत नाही. तिथे ‘निगेटिव्ह’ लिहिणं चूक आहे. ‘आजोबा शांत पडून आहेत’ म्हणून ज्यांना सोडून दिलं जातं, त्यांच्यातच गप्प डिलिरियम लपलेला असतो. आधी चष्मा आणि कानाचं मशीन लावा. लक्ष तपासताना इंग्रजी अक्षरं न येणाऱ्याला अक्षरांची चाचणी देऊ नका, चित्रांची द्या. मग त्यांच्या बोलीत विचारा: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का?

इंडेक्स जास्त आला म्हणून हॅलोपेरिडॉल (भ्रम-अस्वस्थतेवरचं औषध) सुरू करू नका. नेदरलँड्समधल्या 2018 च्या रिड्यूस चाचणीत 1,789 पेशंटमध्ये ते आधीच देऊन फायदा झाला नाही. त्याऐवजी मिडॅझोलॅम (गुंगीचं औषध) कमी करता येतं का बघा, रात्री दिवे मंद करा, आणि घरच्या माणसाला जवळ बसू द्या.