कॉन्फरन्ससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) 'उद्देश पटला नाही' म्हणून रिजेक्ट होत असेल तर (माझा अनुभव)

जळगावला केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये आहे, जर्मनीत कॉन्फरन्स होती. एजंट म्हणे टुरिस्ट टाका, सोपं जातं, अन् नकाराच्या पत्रात 'उद्देश पटला नाही' या कारणावर टिक होऊन पासपोर्ट परत. हॉटेल बुकिंग बदलून पाहिलं, तरी तेच, डोक्याला ताप नुसता.

मग आधी रजिस्ट्रेशन फी भरली, पावती जोडून आयोजकांकडून इन्व्हिटेशन लेटर मागवलं, त्यात नाव पासपोर्टवरच्याच स्पेलिंगचं, पासपोर्ट नंबर अन् तारखा. मग कंपनीच्या लेटरहेडवर कोण पाठवतंय, खर्च कोणाचा ते लिहून घेतलं अन् त्यानंतरच फॉर्मात 'बिझनेस' निवडलं. ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, तारखा लेटरशी जुळत्या. जुनं रिजेक्शन लपवू नका भो, कव्हर लेटरात सरळ लिहा. सोबत शेंगेनमधला दुसरा देशही फिरणार असाल तर जिथे मुक्काम जास्त तिथलाच अर्ज.