पाइनफोनच्या पाठीवर हवामान-सेन्सर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरला असलेली मुलं मला बरेचदा विचारतात की एम्बेडेड क्षेत्रात (म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांच्या कामात) शिरायला कोणता प्रोजेक्ट करावा. माझं उत्तर ठरलेलं आहे: चालत्या फोनला बाहेरून एक सेन्सर जोडा आणि त्याचा आकडा खरा आहे हे सिद्ध करून दाखवा. पहिला भाग दोन-तीन सुट्ट्यांत होतो. खरं शिक्षण दुसऱ्या भागात होतं.

यासाठी फोन खुला हवा. मी पाइनफोन वापरतो. पाइन६४चा हा फोन २०२० च्या सुरुवातीपासून लोकांच्या हातात आहे, त्याची सर्किट आकृती कुणालाही उतरवून घेता येते आणि त्यावर साधं लिनक्स चालतं, पोस्टमार्केटओएस म्हणा किंवा मोबियन. आत ऑलविनर ए६४ प्रोसेसर आणि २ किंवा ३ जीबी रॅम आहे, त्यामुळे रोजचा फोन म्हणून तो घेऊ नका, शिकायला घ्या. सेकंड हँड मिळाला तरी चालेल. तो आधी मेमरी कार्डवरून बूट होतो, म्हणजे प्रयोगाची सिस्टिम कार्डवर ठेवली की आतल्या सिस्टिमला धक्का लागत नाही.

मागचं झाकण नखाने निघतं. आत स्प्रिंगच्या सहा छोट्या पिना दिसतात: आय-टू-सी या चिपांच्या भाषेच्या दोन तारा, एक इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला हाक मारायची तार), बॅटरीचं व्होल्टेज, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. पाइनफोनचा कीबोर्ड याच पिनांवर चालतो, लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओचं झाकणही यांच्यावरच. लोराची चिप एसपीआय ही दुसरी भाषा बोलते, म्हणून त्या झाकणात मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर दुभाषी म्हणून बसवावा लागला. नवख्याने ही भानगड टाळावी आणि थेट आय-टू-सी बोलणारा सेन्सर घ्यावा.

माझी शिफारस बॉशच्या बीएमई२८० ची: तापमान, दाब, आर्द्रता, तिन्ही एकाच चिपमध्ये, आणि लिनक्समध्ये ड्रायव्हर (चिपशी बोलणारा प्रोग्रॅम) तयार. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण मॉड्यूल हातात आल्यावर आधी चिप नीट बघा. बीएमई२८० चौकोनी असते, अडीच मिलिमीटर बाय अडीच. तिची भावंड बीएमपी२८० लांबट असते, ती आर्द्रता मोजत नाही, आणि एकीच्या नावावर दुसरी सर्रास विकली जाते. डोळ्यांनी खात्री होत नसेल तर चिपलाच विचारा. हेक्समधलं (सोळाच्या पायाच्या आकड्यांतलं) डी० हे रजिस्टर, म्हणजे चिपमधला छोटा कप्पा, वाचलं की बीएमई ६० सांगते आणि बीएमपी ५८. ही तपासणी फोनवर करू नका, रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनोवर करा. तिथे व्यवस्थित चाललेला सेन्सर फोनवर चालला नाही, तर शोध निम्म्यावर येतो.

आता वीज. बीएमई२८० ला कमाल ३.६ व्होल्ट चालतात आणि पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४.२ च्या आसपास असते. म्हणजे बॅटरीची पिन थेट चिपला जोडली तर चिप जाऊ शकते. मध्ये व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवाच. काही मॉड्यूलवर तो आधीच असतो, काहींवर नसतो. आय-टू-सीच्या तारांचं व्होल्टेज आणि त्यांवरचे पुल-अप रेझिस्टर (तार मोकळी असताना तिचं व्होल्टेज वर ठेवणारे) सर्किट आकृतीत बघा आणि मग मल्टिमीटरने मोजा. ‘सगळीकडे असतं तसंच असेल’ हे इथे चालत नाही. इंटरप्टची पिन मोकळी सोडा, या चिपला इंटरप्ट नाहीच.

फोनला डाग द्यायची (सोल्डर करायची) गरज नसते. एका छोट्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) सहा सपाट पॅड करून घ्या आणि झाकणाच्या आतून ते पिनांवर टेकवा. दाब मात्र पुरेसा हवा. फोन हलवला की सेन्सर गायब होत असेल, तर ड्रायव्हर तपासण्याआधी पॅडच्या मागे पातळ कागदाची घडी घालून बघा.

या रचनेतली एक गोष्ट मला फार आवडते. टचस्क्रीन एका आय-टू-सी बसवर (तारांच्या सामाईक जोडीवर) आहे, फोनचे स्वतःचे सेन्सर दुसऱ्यावर, आणि या पिना तिसऱ्यावर. तुमच्या जोडणीत काही बिघडलं तर तेवढी एकच बस अडकते, पडदा चालू राहतो. शिकणाऱ्याला एवढी मोकळीक देणारा दुसरा फोन मला माहीत नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. बसची यादी काढा. डिव्हाइस ट्रीमधला (कोणतं हार्डवेअर कुठे जोडलं आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या यादीतला) क्रमांक आणि चालू सिस्टिमचा क्रमांक एकच असेल असं धरू नका. मग बस स्कॅन करा. हेक्समध्ये ७६ किंवा ७७ या पत्त्यावर चिप दिसली पाहिजे. कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बीएमपी२८० नावाचा ड्रायव्हर चालू आहे का बघा, दोन्ही चिपांना तोच लागतो. बसच्या ‘न्यू डिव्हाइस’ फाइलमध्ये चिपचं नाव आणि पत्ता लिहिला की आयआयओ या कर्नेलमधल्या सेन्सरांसाठीच्या भागाच्या फोल्डरात तीन वाचनं हजर होतात. एककांकडे लक्ष द्या: तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, दाब किलोपास्कलमध्ये. हे जमलं की डिव्हाइस ट्रीचा ओव्हरले (वरून जोडायची छोटी नोंद) लिहा, म्हणजे फोन सुरू होताना सेन्सर आपोआप जोडला जाईल.

बहुतेक जण इथे पडद्याचा फोटो काढून थांबतात. थांबू नका.

फोन स्वतः गरम होतो. खोलीत २८ अंश असताना झाकणाखाली ३३ सहज असतात. तापमान पाच अंशांनी चुकतं हे लगेच कळतं, पण आर्द्रताही त्यासोबत बिघडते. २८ अंशांची ६० टक्के आर्द्रतेची हवा ३३ पर्यंत तापली की तीच हवा ४५ टक्के दाखवते. सेन्सर खोटं बोलत नाही, तो झाकणाखालची हवा मोजतोय. ठरावीक पाच अंश वजा करून हे सुटत नाही, कारण व्हिडिओ बघताना, चार्ज करताना आणि फोन नुसता पडून असताना उष्णता वेगवेगळी असते. सेन्सर प्रोसेसरपासून शक्य तितका लांब न्या, झाकणाला त्याच्यासमोर भोक पाडा, बोर्ड आणि फोन यांच्यात फोमची पट्टी घाला. आणि वाचन फोन झोपेतून उठल्या उठल्या घ्या, तेव्हा तो सर्वांत थंड असतो.

झोपेचा मुद्दा बॅटरीलाही लागू आहे. ही चिप दर सेकंदाला तिन्ही गोष्टी मोजत राहिली तरी सरासरी ३.६ मायक्रोअँपिअर खाते, म्हणजे जवळपास काहीच नाही. बॅटरी संपते ती आकडा वाचायला फोनला उठवल्याने. फोन झोपलेला असताना प्रोसेसर बसवरून काही वाचत नाही. म्हणून घड्याळाच्या अलार्मने दर पंधरा मिनिटांनी उठवा, वाचा, लिहा, झोपवा.

दाबाचं वाचन उष्णतेने फारसं बिघडत नाही, म्हणून पडताळणी तिथून सुरू करा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तेव्हा दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास यायला हवा. इथे एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे नऊ मीटर. तळमजल्यावर वाचन घ्या, जिन्याने चौथ्या मजल्यावर जा, पुन्हा घ्या. १.३ च्या जवळपास घट दिसली पाहिजे. सिंहगडाच्या माथ्यावर, १३१२ मीटरवर, आकडा ८६५ च्या घरात जातो.

मग फोन टेबलावर ठेवून दोन दिवस नोंदी घ्या आणि आलेख काढा. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला, पहाटे पुन्हा खाली. आपल्या पट्ट्यात वातावरणाची ही भरती-ओहोटी रोज चालते आणि सकाळ ते दुपार फरक तीनेक हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे सकाळी पायथ्याशी शून्य धरून दुपारी गडावर उंची वाचली, तर फोन पंचवीस-तीस मीटर जास्त सांगू शकतो. स्वतःच्या हाताने जोडलेल्या चिपने काढलेली ती लाट बघताना मला फार आनंद झाला होता, आणि तो तुम्हालाही मिळावा म्हणून हा सगळा खटाटोप.

मुलाखतीत याचा उपयोग होतो का? होतो. पुल-अप का लागतात, डिव्हाइस ट्री कशासाठी असते, ड्रायव्हर चिपला कसा सापडतो, हे एम्बेडेडच्या मुलाखतीतले नेहमीचे प्रश्न आहेत आणि हाताने केलेलं असलं की पाठांतर लागत नाही. उष्णतेचा आणि भरती-ओहोटीचा आलेख सोबत न्या.

यापुढे योगदान द्यायचं असेल तर एक सांगतो. तुमच्या झाकणातल्या सेन्सरची डिव्हाइस ट्री नोंद मुख्य कर्नेलमध्ये घेतली जाणार नाही, ती सगळ्यांच्या फोनला लागू नसते. पण ड्रायव्हरमधली चूक किंवा कागदपत्रातली उणीव सापडली तर तिचा पॅच (दुरुस्तीच्या बदलांचा मजकूर) जरूर पाठवा. तो साध्या मजकुराच्या ईमेलने जातो, एका पॅचमध्ये एकच बदल असावा आणि तो का केला हे संदेशात लिहावं. कर्नेल सांभाळणारे लोक दुरुस्त्या सुचवतात, तेव्हा दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं तेही नोंदवा.