केंद्र, राज्य की पंचायत? किनाऱ्यावरून अर्ज देताना या चुका टाळा

कोकणातले कितीतरी रास्त अर्ज केवळ चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे धूळ खात पडतात. मागणी खरी असते, खाली गावभराच्या सह्या असतात, पण ज्याच्या नावे अर्ज लिहिला त्याला त्या विषयात अधिकारच नसतो. दिल्लीखाली मुंबई, मुंबईखाली जिल्हा परिषद, आणि वरच्याच्या कानावर घातलं की खालचा हलतो, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. घटनेने केंद्र आणि राज्य यांच्यात अशी साहेब-शिपायाची मांडणी केलेली नाही. सातव्या अनुसूचीत केंद्र सूची, राज्य सूची आणि समवर्ती, म्हणजे दोघांच्याही अधिकारातली सूची अशी विषयांची वाटणी आहे. मुख्यमंत्री पंतप्रधानांचे हाताखालचे अधिकारी नाहीत. त्यांचं मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं.

सगळ्यात मोठी गफलत समुद्रात होते. मासेमारी हा राज्याचा विषय, पण प्रादेशिक जलधीपुरता, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत. तेही तुम्ही उभे आहात त्या पुळणीपासून नव्हे, ठरवून दिलेल्या आधाररेषेपासून. त्यापलीकडची मासेमारी केंद्र सूचीत येते. म्हणूनच १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीचे आदेशही दोन निघतात, एक राज्याचा आणि एक केंद्राचा. आता समजा, रात्री एलईडी दिवे लावून कुणी मासळी ओढतंय. बोट १२ मैलांच्या आत असेल तर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू होतो आणि तक्रार जाते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे. बाहेर असेल तर केंद्राची एलईडी मासेमारीवरची २०१७ ची बंदी लागू होते आणि तिथे तटरक्षक दलाला कळवावं लागतं. ‘आमच्या समोर परप्रांतीय बोटी आल्यात’ एवढंच लिहिलेल्या अर्जावरून काहीच ठरत नाही. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, वेळ आणि नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर रंगवलेला नोंदणी क्रमांक, एवढं टिपून घ्या. बोट कुणाच्या हद्दीत होती हे त्या आकड्यांवरूनच ठरतं.

रस्त्याचंही तसंच. गावातला रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आणि मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे आताचा ६६ क्रमांक, केंद्राचा. पण चौपदरीकरणाचं काम पुन्हा वाटलेलं: पनवेल ते रायगडमधलं इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तिथून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंत राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. त्यामुळे इंदापूरच्या अलीकडच्या कोलाडचा अर्ज एकीकडे आणि पलीकडच्या माणगावचा दुसरीकडे. इतकी वर्षं त्या रस्त्यावर माणसं जीव मुठीत धरून चालली आहेत. निदान अर्ज तरी योग्य जागी पोचला पाहिजे.

कोकण रेल्वेच्या महामंडळात महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचा वाटा आहे, म्हणून ती राज्याची, असं समजू नका. रेल्वे हा केंद्राचाच विषय. किनाऱ्यालगत घर बांधताना ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो, हाही गैरसमज. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालची आहे आणि त्यासाठी राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण वेगळं आहे. वादळात बाग आडवी झाली तर मात्र दिल्लीला पत्रं पाठवत बसू नका. निसर्ग असो वा तौक्ते, पंचनामा राज्याच्या महसूल यंत्रणेकडून, म्हणजे तलाठ्यापासूनच सुरू होतो.

दुसरी चूक लोकप्रतिनिधींबाबतची. खासदार म्हणजे मोठा आमदार नव्हे. महामार्गावर लोकसभेत तारांकित प्रश्न खासदारच विचारू शकतो. बंदर खात्याच्या जेट्टीवर विधानसभेत लक्षवेधी सूचना आमदारच मांडू शकतो. संसदीय पद्धतीत मंत्र्याला उभं करून उत्तर द्यायला लावण्याची हीच खरी जागा आहे, आणि तिचा आग्रह आपण फार कमी धरतो, याचं मला वाईट वाटतं. आमदाराकडे नुसतं शिफारसपत्र मागू नका, ‘हा प्रश्न सभागृहात लावा’ असं लेखी द्या. खासदार कोण हेही तपासा. दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेला दोन्ही रायगड मतदारसंघात आहेत.

थेट राष्ट्रपती किंवा राज्यपालांना पत्र लिहिल्याने प्रश्न लवकर सुटत नाही. दोघेही साधारणतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, पत्र फिरून संबंधित खात्याकडेच येतं. ग्रामपंचायतीच्या प्रभागरचनेवरची हरकतही भारताच्या निवडणूक आयोगाकडे नेऊ नका. पंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो.

एवढं करूनही ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकावं लागेलच. तोंडी उत्तरावर परतू नका. अर्ज आवकमध्ये देऊन पोच घ्या, आणि विषय कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो ते लेखी मागा. पुढच्या कार्यालयात जाताना ते पत्र अर्जाला जोडा.