थेंब गालावर, प्रेशर तसंच: काचबिंदूचे ड्रॉप्स घालताना या चुका टाळा

सहा महिने रोज औषध घालूनही आईच्या उजव्या डोळ्याचं प्रेशर २६ वरून हलेना. निरोगी डोळ्यात ते साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतं. आम्हाला वाटलं, हे औषध काही लागू पडत नाही, आता दुसरं लिहून देतील. डॉक्टरांनी मात्र बाटली तिच्याच हातात दिली. "काकी, घरी घालता तसं घाला बघू."

आईने मान जराशी वर केली, बाटली कपाळाच्या उंचीवर धरली, डोळा गच्च मिटला आणि पिळली. थेंब पापणीवरून घरंगळत गालावर आला. तो पदराने टिपून ती म्हणाली, "झालं."

औषध तेच राहिलं, घालायची पद्धत बदलली. दीड महिन्याने प्रेशर १८ आलं. तेव्हापासून इथे गोव्यात, फोंड्यात ओळखीपाळखीत कुणी "ड्रॉप्सचा उपयोग होत नाही" म्हणालं, की मी आधी विचारतो, थेंब पडतो कुठे?

हात धुऊन आडवं पडा किंवा मान पूर्ण मागे टाका. खालची पापणी बोटाने खाली ओढली की छोटी खोबण होते. नजर छताकडे ठेवून थेंब त्या खोबणीत सोडायचा. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, नाहीतर जंतू बाटलीत जातात. हात थरथरत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा. तरीही जमत नसेल, तर आडवं पडून डोळा मिटा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडा, औषध आपोआप आत उतरतं. थेंब आत पडला की नाही हे आईला कळायचंच नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवायला लागल्यापासून कळतं, गार लागतो ना!

थेंब पडल्यावर बहुतेक जण डोळे मिचकावतात. तिथेच औषध पंप केल्यासारखं अश्रूंच्या वाटेने नाकात आणि घशात उतरतं. ड्रॉप्सनंतर जीभ कडू होते म्हणणाऱ्यांनी हे ओळखावं. डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड या काचबिंदूच्या औषधांच्या बाबतीत ही तक्रार हमखास असते. टिमोलॉल या दुसऱ्या औषधाचं मात्र नुसत्या कडू चवीवर भागत नाही. ते असं रक्तात गेलं तर नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणून दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तो आपणहून सांगायचाच. उपाय अगदी साधा आहे. थेंब घातला की डोळा हलकेच मिटायचा आणि नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. आई तेवढ्यात मनातल्या मनात रामरक्षेचे काही श्लोक म्हणते, घड्याळ बघावं लागत नाही.

एक थेंब पुरतो. डोळ्यात मुळात एक अख्खा थेंबही मावत नाही, दुसरा थेट गालावरच येतो. लॅटानोप्रॉस्ट या काचबिंदूच्या औषधाच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रात्री एकेक धरला तर महिना आरामात निघतो. बाटली पंधरा दिवसांत संपत असेल तर फार्मसीवाल्याशी भांडू नका, आरशासमोर उभे राहा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. बाटलीवर "हलवून वापरा" असेल तर खरंच हलवा.

चुकलेल्या थेंबाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घालू नका. लॅटानोप्रॉस्ट दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर त्याचा परिणाम उलट कमी होऊ शकतो. आमची मोठी चूक चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानापासून नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) डब्यांपर्यंत सगळं पेडण्याच्या घरी पोचलं, बाटली फोंड्याच्या फ्रीजच्या दारातच राहिली. तिसऱ्या रात्री लक्षात आलं आणि उघडी फार्मसी शोधत म्हापसा गाठावं लागलं. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे.

साठवणीचंही बघा. लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली बहुतेक ब्रँडमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते म्हणतात, पण एप्रिल-मेमध्ये गोव्यात २५ अंश कुठल्या खोलीत मिळणार? फ्रीजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहा आणि उघडल्यानंतरची खोक्यावर दिलेली मुदत संपली की उरलेलं टाकून द्या, महाग असलं तरी.

काही जण चार दिवसांवर तपासणी आली की नेमाने ड्रॉप्स घालायला लागतात. कागदावर प्रेशर छान येतं, डॉक्टर फसतात, डोळ्याची नस मात्र मधल्या महिन्यांत मार खाते. या रोगात बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने जाते. गेलेली परत येत नाही, म्हणून ड्रॉप्सने "बरं वाटेल" याची वाट बघण्यात अर्थ नाही. थेंब घालायचे चुकले असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा.

डोळे लाल होतात म्हणून औषध परस्पर बंद करू नका. लाली सुरुवातीला येऊ शकते आणि नाहीच सोसलं तर डॉक्टर बदलून देतात. पावसाळ्यात डोळे आले की शेजारणीची बाटली वापरायची सवय तर फारच वाईट. त्यात स्टेरॉइड असेल तर प्रेशर चढू शकतं.

एकाएकी डोळा भयंकर दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलट्या झाल्या, तर ड्रॉप्सचा हिशेब करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा तडक बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.