गाऊट उठला, पण रिपोर्ट नॉर्मल?

आजोबांचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजतो, चादरही सोसवत नाही. गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज, तरी रक्ताच्या रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल! ऐन दुखण्यात ते खाली येऊ शकतं. सूज उतरल्यावर २ आठवड्यांनी पुन्हा तपासा. युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध (जसं अ‍ॅलोप्युरिनॉल) चालू असेल तर आकडा ६ mg/dL च्या खाली हवा.

तोवर पाय उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. रोजची अ‍ॅलोप्युरिनॉल मध्येच थांबवू नका. इथेच अनेकांचं चुकतं. तारली, मांदेली, कलेजी, बिअर बंद. डाळ-पालक मात्र उगाच तोडू नका. लोकलच्या प्रवासात लघवीच्या धास्तीने पाणी टाळणंही बाधतं.

किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नका, पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांना विचारा. सुजेसोबत ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.